डाळजचं घर, मालकीण बनाबाई

पणदऱ्याच्या बापूसाहेबांची लेक सुकन्या बारामतीत कॉम्प्युटर शिकवायला लागली, तिथवर कुणाची हरकत नव्हती. पण अठ्ठ्याण्णव साली तिच्या डोक्यात भलतंच खूळ शिरलं. म्हणे शहरातली माणसं सुट्टीला येतील, लॉजवर न उतरता खेड्यातल्या घरात राहतील, आणि कुठलं घर पाहिजे ते आधी इंटरनेटवर बघून ठरवतील! तिनं या धंद्याला नाव दिलं 'मुक्काम'. बापूसाहेबांनी कपाळाला हात लावला. "लोकं पाव्हणा आला की मागल्या दारानं पळत्यात, आन आमची लेक भाड्यानं पाव्हणं बोलावती. धन्य हाय बाई!" आता बापाचं बोलणं मनावर घेतलं असतं तर ती सुकन्या कसली?

इंटरनेट लावायला तेव्हा पुण्याचा नंबर फिरवावा लागे, आणि एक फोटो उघडेपर्यंत अख्खा चहा पिऊन व्हायचा. तरी पोरीनं चार घरं जमवली. जमवली म्हणजे काय, खरं जमलं एकच. डाळजची बनाबाई. जुनी मेंढरंवाली माणसं. मेंढरं गेली, नवरा गेला, आता उजनीच्या पाण्याकाठी थोडं रान, एक म्हैस आणि लख्ख सारवलेलं घर. तिचं माहेर पणदरं. नात्याची ना गोत्याची, पण माहेरच्या गावची पोर म्हणून सुकन्या तिला आत्या म्हणायची, आणि त्या एका हाकेवर बनाबाईनं घर दिलं. बाकीच्या तिघांनी साफ सांगून टाकलं होतं, "बनाबाईकडं काय हुतंय ते बघू, मंग आमचं." म्हणजे सगळा डोलारा या एका घरावर.

जानेवारीत मुंबईहून सौरभ जीप घेऊन आला. मोठ्या ट्रॅव्हल कंपनीचा माणूस. घर पसंत पडलं तर सगळा हंगाम माणसं पाठवणार, नाही पडलं तर सुकन्यानं होळीला गाशा गुंडाळायचा, असा तिनं बापाला शब्द दिलेला. पहिला दिवस झकास गेला. सौरभनं होडीतून रोहित पक्ष्यांचे फोटो काढले, पिठलं-भाकरी चापली आणि सोप्यात बाजेवर ढाराढूर झोपला. आतल्या खोलीत आत्याशेजारी पडलेल्या सुकन्याला वाटलं, जिंकलं!

सकाळी आठला सोप्यातून आवाज आला, "माझा कॅमेरा कुठाय?"

कॅमेरा काळ्या बॅगेत होता. संध्याकाळी आल्यावर बॅग बाजेपाशी ठेवली, असं सौरभ म्हणत होता. बाजेखाली नाही, ओट्यावर नाही. बनाबाई धार काढून चरवी घेऊन आली, तर त्यानं थेट तिलाच गाठलं.

"बाई, माझी काळी बॅग बघितली का?"

"न्हाय बा. मी उठल्याधरनं म्हशीकडंच हाय."

"रात्री दार उघडंच होतं?"

"दाराला कुलूपच न्हाय की. कशाला लागतंय?"

इथं सौरभचा चेहरा बदलला. बरोबरच आहे, मुंबईच्या माणसाला कुलूप नसलेलं घर म्हणजे चोराला आवतण. डाळजात मात्र सगळा उलटा कारभार. शेजारीण विरजणाला आली की सरळ चुलीपर्यंत जाते, मालकीण घरात असो वा नसो. हे त्याला सांगावं तरी कसं? सांगितलं असतं तर आगीत तेल.

"हे बघा," तो सुकन्याला बाजूला घेऊन म्हणाला, "कॅमेरा कंपनीचा आहे. मी तासभर थांबतो. नाही मिळाला तर भिगवणला पोलिसांत जातो. आणि इथं घरात दुसरं कोण होतं, तुम्हीच सांगा."

सुकन्या काय सांगणार, कप्पाळ? जीपमध्ये नीट बघा म्हणावं, तर तो म्हणाला, बघून झालंय, पुढची सीट पाहिली. तो पुन्हा पाण्याकडच्या वाटेनं शोधत गेला. ही आत शिरली. पोलीस दारात आले तर बाई जन्मातून उठेल. आणि 'मुक्काम' तर त्याच घटकेला संपला! तिनं मांडणी बघितली, वाकळांची चळत उलथीपालथी केली. कोपऱ्यात ज्वारीची कणगी होती. तिच्यातली ज्वारी एका अंगाला उंच झालेली दिसली. का कोण जाणे, तिनं दंडापर्यंत हात खुपसला.

बोटांना पट्टा लागला.

तिनं बॅग ओढून काढली, तर भसाभस ज्वारी सांडली. वळून बघते तो दारात बनाबाई. बाईचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं.

"अगं, ह्ये हितं कुणी—"

"गप, आत्या!" सुकन्या दबक्या आवाजात म्हणाली. "एक शब्द बोलू नकोस. मी निस्तरते. कुणाला कळणार नाही."

बनाबाई बघतच राहिली. मग खाली बसली आणि सांडलेली ज्वारी गोळा करायला लागली. सुकन्याला त्या वेळी तिच्याकडं नीट बघायलाही फुरसत नव्हती. ओढणीखाली बॅग दाबून ती मागच्या दारानं जीपपाशी गेली. मागच्या सीटखाली बॅग सरकवली, वर पोतं टाकलं, आणि पाण्याकडं तोंड करून ओरडली, "सापडली हो, सापडली! जीपमध्येच होती!"

सौरभ धावत आला. बॅग बघून खजील झाला बिचारा. "मीच वेंधळा. बाईंना उगाच बोललो." त्यानं बनाबाईला हात जोडले, दोनदा माफी मागितली. फेब्रुवारीत सात कुटुंबं पाठवतो म्हणाला, आणि दहाला जीप पुण्याच्या रस्त्याला लागली.

सुकन्या ओट्यावर मटकन बसली. सुटलो रे देवा! मनात आलं, आत्याचं चुकलं, पण एकटी बाई, मोह झाला असेल, आपण कधी तोंडातून काढायचं नाही. स्वतःच्या मोठेपणाचं तिला चक्क बरं वाटत होतं.

तेवढ्यात शेजारची सारजा रानातून आली, डोक्यावर कडवळाचा भारा.

"बने, गेला का गं पाव्हणा? त्येची पिशवी दिली न्हवं? पहाटं विरजनाला आले, तर वट्यावर उघडीच पडल्याली. दव पडत हुतं, कुत्रं हुंगत हुतं. तू म्हशीकडं, पाव्हणा घोरतोय. म्हनलं महागाची चीज दिसती, दिली कणगीत ठिवून. सांगायचं ध्येनातच न्हाय बघ, कांद्याच्या कामाच्या बायका खोळंबल्या हुत्या."

"दिली," बनाबाई म्हणाली. "जा तू, भारा उतर."

सारजा गेली. पणदऱ्यात सुकन्याची आजीसुद्धा अंगणात विसरलेली वस्तू कणगीतच टाकायची. जन्मभर बघितलेलं, आणि नेमकं आज आठवलं नाही!

"आत्या, मला वाटलं..."

"काय वाटलं त्ये मला कळलं गं," बनाबाई म्हणाली. आवाज चढला नाही, तेच वाईट होतं. "त्यो परका माणूस. त्येनं तोंडावर इचारलं, बाई, बघितली का. मी न्हाय म्हनलं. पटलं न पटलं, त्येचं त्येच्यापाशी. तू माझ्या माहेरची. तू तर इचारलंबी न्हाईस."

"मी तुला वाचवायला बघत होते, आत्या!"

"कशापास्नं?"

सुकन्याला रडू आलं, आणि तेही आता कुठल्या तोंडानं रडायचं?

"माझं घर काढ त्या मशिनीतनं," बनाबाई म्हणाली. पण माहेरचं माणूस रिकाम्या हातानं वाटेला लावायचं नाही, म्हणून तिनं दोन भाकरी आणि ठेचा फडक्यात बांधून दिला. एसटीत सुकन्यानं ते गाठोडं मांडीवर धरलं होतं, सोडलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिनं बारामतीत पुण्याचा नंबर फिरवला. ई-मेलवर सौरभचं पत्र येऊन पडलेलं. सातही कुटुंबांना बनाबाईचंच घर पाहिजे होतं. सुकन्यानं उत्तर लिहायला घेतलं. बॅग जीपमध्ये नव्हती. शेजारणीनं ती दवातून उचलून कणगीत जपून ठेवली होती. घरमालकिणीनं घेतली असं समजून मीच ती जीपमध्ये टाकली आणि तुमच्याशी खोटं बोलले.

हे वाचल्यावर माणसं येणार नाहीत, हे तिला कळत होतं. तिनं ते पाठवलं. मग त्याची एक प्रत कागदावर काढली आणि डाळजला जाणारी एसटी पकडायला निघाली. बनाबाईला वाचता येत नव्हतं, म्हणजे ते तिच्यासमोर बसून मोठ्यानं वाचून दाखवावं लागणार होतं.