सावळारामच्या दारात

काटेवाडीत अविराजच्या घराच्या फाटकाशी सावळाराम उभा दिसला आणि लीलाबाईच्या हातातली घासाची पेंढी खाली पडली.

“कोण गेलं?” तिनं जागेवरूनच विचारलं.

“कोण गेलं न्हाय, वैनी.” सावळाराम घाईनं फाटक ढकलून आत आला, ओट्यावर टेकला. “आधी पानी दे प्यायला.”

पाणी मागितलं तेव्हा कुठं लीलाबाईच्या जिवात जीव आला.

तिचं घाबरणं चुकीचं नव्हतं. भावकीत कुणी वारलं की घरोघर जाऊन सुतक सांगायचं काम सावळारामच्या घराकडं होतं. त्याच्या आधी त्याचा बाप जायचा, बापाच्या आधी आजा. सांगणाऱ्यानं फाटकाच्या आत यायचं नाही, वहाणा काढायच्या नाहीत, पाणी घ्यायचं नाही. बाहेर उभं राहून गेलेल्याचं नाव सांगायचं, किती दिवसांचं सुतक ते सांगायचं आणि पुढच्या घराकडं निघायचं. ऐकणारा तिथंच अंगावरच्या कपड्यांनिशी डोक्यावर पाणी ओतून घ्यायचा. भावकीला दहा दिवस, दिल्याघरच्या लेकीला तीन. हल्ली मोबाइलवर बातमी आधीच येऊन पडलेली असते, पण ती नुसती बातमी. सावळाराम दारात उभा राहिल्याशिवाय सुतक लागलं असं कुणी मानत नसे. पाटकरी म्हणून त्याची सगळी नोकरी लोकांच्या उसाला पाळीनं पाणी सोडण्यात गेली, पण माणसं त्याला ओळखत ती या कामानं. लग्नाच्या मांडवात तो दिसला तरी एखादी म्हातारी दचकायची. त्याला त्याचं वाईट वाटत नसे. खरं सांगायचं तर थोडा अभिमानच वाटायचा.

आज त्याच्या मागून एक मुलगी आत आली. खांद्याला पिशवी, हातात कापसाच्या लांब काड्या.

“ही श्रेया. आपल्या गेणूदादाची नात, संजीवनीची पोरगी. पुण्याला शिकती. भावकीतल्या गड्यांच्या गालाला आतनं कापूस लावून न्यायचाय म्हंती.”

अविराज गोठ्यातून हात पुसत आला. “गालात काय घावणार? सकाळी मिसळ खाल्ली ती घावंल.”

श्रेया हसली. बापाकडून मुलाला रक्तातून एक खूण जाते, पिढ्यान् पिढ्या, जवळजवळ जशीच्या तशी, असं तिनं सांगितलं. गेणूआजोबांची खूण तिनं सहज तपासली होती, आणि ती इतकी दुर्मीळ निघाली की तिच्या सरांनाही खरं वाटेना. आता ती कुठवर पसरली आहे ते बघायचं होतं.

“म्हंजी पाटाचं पानी,” सावळाराम म्हणाला. “फाटे किती बी फुटू देत, शेवटच्या शेतापातुर पानी एकाच धरणाचं.”

“अगदी तसंच, आबा.”

“आन् तुझ्यात हाय का ती खूण?” लीलाबाईनं विचारलं.

“नाही. मुलींकडं येत नाही ती.”

“झालं. हितं बी न्हायच व्हय,” म्हणत लीलाबाई चहा टाकायला गेली.

भावकी मूळची वरकुट्याची. कोण कालव्याच्या पाण्यामागं काटेवाडीला गेला, कोण बाजाराच्या सोयीनं जळोचीला, कुणाचं घर कुठल्या वळणावर, हे सावळारामच्या पायांना पाठ होतं. पुढचे काही दिवस तो श्रेयाला घेऊन फिरला. प्रत्येक दारात आधी पाणी मागायचा, मग काम सांगायचा. सुतकाशिवाय भावकीतून फिरायची ही त्याची पहिलीच वेळ, आणि तो खुशीत होता. शेवटी वरकुट्याला स्वतःच्या ओट्यावर बसून त्यानं आपलंही तोंड उघडलं.

श्रेया परत आली ती डाळिंबं उतरली तेव्हा, एकटीच. घरात न येता त्याला शोधत बागेत गेली आणि बांधावर बसली.

“आबा, तुम्हाला एकट्याला सांगायला आले.”

आजोबांची खूण काटेवाडीत निघाली होती, जळोचीत निघाली होती, वरकुट्याच्या घरांतही निघाली होती. सगळी एकाच माणसाची लेकरं. बऱ्याच पिढ्यांमागं कुणी एकटाच लांबून इथं येऊन राहिला असावा. कुठून, ते अजून कळत नव्हतं.

“मग चांगलंच हाय की.”

“तुमच्यात ती नाही, आबा.”

सावळारामनं हातातली कात्री खाली ठेवली. “काडी बदलली असंल.”

“मलाही तसंच वाटलं. पुन्हा तपासलं.”

“मग माझ्यात कंची हाय?”

“साधी. लाखो लोकांत असते तशी.”

साधी, हा शब्द त्याला लागला.

“मागं कधीतरी कुणी मूल दत्तक घेतलं असेल,” श्रेया भराभर बोलू लागली. “दुष्काळात कुणाचं पोरकं लेकरू सांभाळलं असेल. बहिणीचं मूल वाढवलं असेल. कुणाच्या आईवर संशय घ्यायचं कारण नाही.”

तोवर त्याच्या मनात आई आलीच नव्हती. आता आली. उभा जन्म डोक्यावरचा पदर न ढळलेली फुलाबाई. तिच्याबद्दल क्षणभर तरी तसा विचार डोक्यात आला याचा त्याला इतका राग आला की त्यानं स्वतःच्याच तोंडात मारून घेतली असती.

“तू कुणाला सांगणार हायस?”

“कुणालाच नाही. नावं कुठंच नाहीत. तुम्हीच सांगितलंत तर.”

ती गेली. रात्री जेवताना कुशाबाईनं दोनदा विचारलं, “अंगात कणकण हाय का?” तो न्हाय म्हणाला. बायकोपासून त्यानं आजवर काही लपवलं नव्हतं, पण हे तोंडातून निघेना.

गप्प राहिला असता तर कुणाला कळलंही नसतं. पण पोटात काही न ठेवणारा माणूस, त्याला ते पचेना. आणि एक वाईट विचार त्याला दिवसभर कुरतडत राही. सुतक सांगायचं काम आपल्याच घराकडं का आलं? आपण मान समजत होतो. पण दारोदार अशुभ निरोप घेऊन कुणी घरच्या माणसाला धाडतं का? कुणा पणज्याला पोटाशी धरताना भावकीनं हे काम त्याच्या गळ्यात घातलं असेल, आणि पुढं सगळेच विसरले असतील. ज्या अभिमानावर तो इतकी वर्षं चालला, तोच आता टोचत होता.

मुख्य प्रश्न गेणूदादाचा होता. दादाला मुलगा नाही. बायको गेल्यापासून तो जळोचीला संजीवनीकडं राहत होता आणि आता अंथरुणाला खिळला होता. “मला आग तूच द्यायची, सावळ्या. घरचा तूच,” हे त्यानं चारचौघांत बोलून ठेवलेलं. लहानपणी एका ताटात जेवलेली माणसं. त्याच्या चितेला खोट्या नात्यानं हात लावायचा?

सावळाराम एसटीनं जळोचीला गेला. संजीवनीनं चहा दिला आणि ती दुधाला बाहेर पडली. गेणूदादा वाळून काडी झाला होता. आवाज तेवढा शाबूत होता.

“ये. बस की.”

“बसतो. पर आधी ऐक, दादा.”

त्यानं सगळं सांगितलं. काडी, खूण, पाटाचं पाणी. “माझं पानी दुसऱ्याच धरणाचं निघालं. तवा आग कुणी द्यायची त्याचा इचार तू आत्ताच कर. मला वाईट वाटणार न्हाय.”

वाईट वाटणार नाही हे खोटं होतं, आणि ते दोघांनाही कळत होतं.

गेणूदादानं कूस बदलली आणि भिंतीकडं तोंड केलं. सावळाराम बसून राहिला. दादा बोलेल, निदान शिवी तरी देईल, म्हणून वाट बघितली. भिंतीकडं वळलेली ती हडकुळी पाठ काही हलली नाही. संजीवनीच्या पावलांचा आवाज आला तसा तो उठला. “येतो,” म्हणाला. उत्तर आलं नाही.

त्यानंतर तो जळोचीला गेला नाही. खिशातला बटणाचा फोन मात्र पुन्हा पुन्हा काढून बघायचा. एरवी भावकीत कुणी गेलं की पहिला फोन त्यालाच यायचा, फेरी सुरू करायची असायची ना.

फोन आला नाही. बातमी आली ती दूध घालायला गेला तिथं, रांगेतून.

“गेणूआण्णा गेलं म्हनं जळोचीला, पहाटं. आन् तुमी अजून हितंच, तात्या?”

सावळारामनं किटली तशीच उचलली. घरी येऊन ओट्यावर बसला. कुशाबाईला सांगितलं तर ती लगेच चूल विझवायला उठली.

“ऱ्हाऊ दे,” तो म्हणाला.

“आवो, दादाचं सुतक—”

“कुणी सांगितलंय आपल्याला?”

मग त्यानं तिला सगळं सांगितलं. थोडक्यातच. ती त्याच्या शेजारी येऊन बसली. दोघांना जायचं होतं, पण काय म्हणून जायचं? गावकीतले म्हणून? उसाला पाणी देणारा पाटकरी म्हणून? अंघोळ करावी तर सुतक लागलेलं नाही. तसंच बसावं तर जिवाचा माणूस गेलाय. आयुष्यभर लोकांना सुतकाचे नियम सांगणाऱ्या माणसाला आपल्या दुःखाचा नियम सापडेना. त्याला रडूही येईना.

ऊन ओट्यावर चढलं तेव्हा रस्त्यावर एक गाडी थांबली. श्रेया चालवत होती. ती आतच बसून राहिली. दुसऱ्या बाजूनं संजीवनी उतरली. केस सुटलेले, डोळे सुजलेले. बापाला घरात ठेवून ती इतक्या लांब आली होती.

“ये गं बाई,” म्हणत कुशाबाई तांब्याभर पाणी घेऊन धावली.

संजीवनी फाटकाशी थांबली. आत आली नाही. पायातल्या चपला काढल्या नाहीत. तांब्याला हात लावला नाही.

सावळाराम ओट्यावरून उठून उभा राहिला. कुणी असं उभं राहिलं की समोरच्याला कसं होतं, ते त्याला या वयात पहिल्यांदा कळलं.

“तात्या,” संजीवनी म्हणाली, “आण्णा गेलं.”

त्यानं विचारलं, “सुतक किती दिसाचं?”

“दहा.” ती म्हणाली. “आण्णा म्हनलं हुतं, त्यो इचारंल. इचारलं तर दहा सांग. फोन करू नको म्हनलं, दारात जाऊन उभी ऱ्हा. सावळ्यानं समद्यांना सांगितलं, त्याच्या दारात जाऊन कुणी कधी सांगितलं न्हाय. त्यो येस्तोवर मला उचलू नका म्हनलं.”

सावळारामनं टोपी काढून ओट्यावर ठेवली. अंगणातल्या धुण्याच्या दगडावर तो सदऱ्या-धोतरासकट बसला आणि त्यानं कुशाबाईकडं हात पुढं केला. संजीवनीसाठी आणलेला पाण्याचा तांब्या तिच्या हातात तसाच होता. तो तिनं त्याला दिला.

फाटकाबाहेर संजीवनी चपला घालून उभी होती. त्यानं मान खाली घातली आणि पाणी डोक्यावर ओतून घेतलं.