इतिहास झाल्याशिवाय शिट्टी नाही

"मेला तरी पुढंच," बंडप्पा पुटपुटला आणि फलकाकडे पाठ करून उभा राहिला.

पाठ करून उपयोग झाला नाही, कारण मैदानाच्या दुसऱ्या टोकालाही तसाच फलक लावलेला होता. त्यावर फेटा बांधलेला, मिशीला पीळ दिलेला बलभीम हसत होता आणि खाली ठसठशीत अक्षरांत लिहिलं होतं: 'कै. बलभीम आबा स्मृती चषक'.

"अवं, हळू बोला," महादेवीनं नवऱ्याचा सदरा ओढला. "माणसाचं वरीस बी सरलं न्हाय अजून. सारजावैनी तिथं बसल्यात."

"बसू दे की. म्या काय खोटं बोललो? जलमभर पुढं पुढं केलं, आता मरून बी तेच. चषकाला नाव द्यायला आमी जित्ती माणसं दिसली न्हाईत व्हय ह्यांना?"

"मग तुमी काय मरून दाखवताय का आता?" महादेवी म्हणाली आणि पाण्याची बाटली त्याच्या हातात देऊन बायकांच्या घोळक्यात निघून गेली.

तेरखेड्याच्या बाहेर, माळावरच्या त्या मैदानात दरवर्षी डिसेंबरात हा सामना होतो. भूमच्या स्पर्धेत जिंकलेला संघ आणि तेरच्या स्पर्धेत जिंकलेला संघ वर्षातून एकदा समोरासमोर येतात आणि दोन विजेत्यांतला खरा कोण ते ठरतं. क्रिकेटपुढे दुसरं काही न दिसणाऱ्या मुलखात हा फुटबॉलचा सामना कसा सुरू झाला, असं नवा माणूस हमखास विचारतो. त्याचं उत्तर मैदानावरच मिळतं, कारण इथला रिवाजच तसा आहे. आधी इतिहास सांगायचा, मग खेळ. भूमच्या बाजूनं बंडप्पा सांगायचा, तेरच्या बाजूनं बलभीम. माईक एका गोलपासून दुसऱ्या गोलपर्यंत हातोहात फिरायचा आणि दोघांचं एकमेकांना उत्तर देऊन झाल्याशिवाय पंच शिट्टी तोंडात घालत नसत. पुष्कळ लोक त्या भांडणासाठीच लवकर येऊन जागा धरायचे.

भांडण एकाच गोष्टीचं होतं. ही कल्पना मुळात कुणाची?

ही कल्पना निघाली तेव्हा बंडप्पा एसटीत कंडक्टर होता. भूम डेपोची मुक्कामाची गाडी तेरला जायची आणि ड्रायव्हर-कंडक्टर रात्री गावातच राहायचे. बंडप्पा राहायचा बलभीमच्या ओसरीवर. बलभीम शेतकरी गडी, उंचापुरा, गावच्या संघाचा गोलकीपर. बलभीमच्या बायकोच्या, सारजाबाईच्या हातची भाकरी खाऊन दोघं रेडिओ लावून बसायचे. अशाच एका थंडीतल्या संध्याकाळी क्रीडाबातम्यांत आलं, की जपानात, टोकियोला, भर बर्फात फुटबॉलचा सामना झाला. युरोप खंडात जिंकलेला पोर्तुगालचा क्लब आणि दक्षिण अमेरिकेत जिंकलेला उरुग्वेचा क्लब खेळले. बर्फात चेंडू पुढे सरकेना, तरी गडी खेळत राहिले आणि पोर्तुगालवाले जादा वेळेत जिंकले.

"आपन बी असं करू," बंडप्पा म्हणाला. इथवर दोघांचंही एकमत होतं. पण त्याच्या आधीच आपण "असं आपल्याकडं बी व्हाया पायजे" म्हणालो होतो, असा बलभीमचा दावा. शिवाय रेडिओ त्याचा, ओसरी त्याची आणि रेडिओतले सेलही त्याच्याच पैशांचे. मग कल्पना पाहुण्याची कशी?

या एवढ्याशा गोष्टीवरून बंडप्पानं उभं आयुष्य कुढत काढलं. कुढायला कारणंही बलभीमनं भरपूर पुरवली. तालुक्यात सत्कार झाला तेव्हा शाल-श्रीफळ बलभीमच्या हातात पडलं. वर्तमानपत्रात फोटो आला त्यात बलभीम मधोमध उभा आणि बंडप्पाचा फक्त कोपर. तो कोपर आपलाच आहे हे बंडप्पानं कितीतरी जणांना बोट ठेवून दाखवलं होतं. आवाज बलभीमचा मोठा, उंची मोठी, हशा पिकवायची कला मोठी. बंडप्पा एक एक तपशील जुळवून, घसा कोरडा करून इतिहास सांगायचा आणि मग पलीकडून बलभीम फक्त "तिकीट फाडनाऱ्यानं तिकीट फाडावं!" एवढंच ओरडायचा. मैदान खो खो हसायचं. बंडप्पाच्या नाकाला मिरच्या झोंबायच्या. परतीच्या गाडीत त्याला सगळी उत्तरं सुचायची आणि ती महादेवीला ऐकावी लागायची.

श्रावणात बलभीम गेला. बंडप्पा तेरला मातीला गेला आणि तिथेही त्याचा जीव जळला. केवढी माणसं आली होती! आपल्या वेळी येतील का एवढी, हा विचार त्याला खांदा देतानाही सोडून गेला नाही. त्याची त्याला लाज वाटली, पण विचार गेला नाही तो नाहीच.

आता मात्र मैदान मोकळं होतं. बलभीमचा मुलगा रणधीर सगळी व्यवस्था बघत होता. तो लगबगीनं आला, वाकून पाया पडला.

"काका, औंदा आबांच्या जागी कुनी बोलनार न्हाय. माझी आई म्हनली, ते भांडन आता नको. तुमीच सांगा, आन् थोडक्यात आटपा. पोरं ताटकळत्यात."

'थोडक्यात' हा शब्द बंडप्पाला टोचला. पण आतून त्याला उकळ्या फुटत होत्या. गोलमध्ये गोलकीपरच नाही आणि चेंडू आपल्या पायात, असा हा प्रकार होता. पोरं मोबाईलवर चित्रण करत होती. आज जे बोललं जाईल ते कायमचं राहील, उद्या ते साऱ्या जिल्ह्यात फिरेल. कल्पना बंडप्पाची होती हे एकदाचं ठरून जाईल आणि मग लावू देत किती फलक लावायचे ते.

त्यानं सदऱ्याची वरची गुंडी लावली, भूमच्या गोलपाशी ठरलेल्या जागी उभा राहिला आणि माईक हातात घेतला.

"मंडळी, ऐका. एकोनीसशे साठ साली हा खेळ तिकडं सुरू झाला. माद्रिदचा संघ उरुग्वेला गेला, मग उरुग्वेचा माद्रिदला आला. एक सामना तुमच्या घरी, एक आमच्या घरी. युरोपचा राजा मोठा का दक्षिन अमेरिकेचा, येवढाच सवाल. पन पुढं लागली भांडनं. लाथाबुक्क्या, रगत, डोकी फुटली. युरोपवाले म्हनले, आमी न्हाय येत तुमच्या दारात. काही वर्सं तर सामनाच झाला न्हाय. मग ऐंशी सालापासनं तो टोकियोला नेला. ना तुमचं घर, ना आमचं. एकच सामना, एकच निकाल."

लोक ऐकत होते. बंडप्पाचा आवाज आज कसा छान लागला होता. मधे तोडणारं कुणी नव्हतं.

"आपलं बी तसंच झालं. पयलं वरीस भूमला, मग तेरला. तेरला गोलावरनं वाद झाला आन् दगडं आली. एसटीची काच फुटली, त्याचा जबाब म्या दिला डेपोत! भूमची पोरं म्हनली, तेरला पाय ठेवनार न्हाय. तवा आपन आलो तेरखेड्याला. हे आपलं टोकियो. त्यांच्याकडं बरफ पडतं, आपल्याकडं तेरखेड्याच्या कारखान्यांतले फटाके उडत्यात, येवढाच फरक."

हशा झाला. बंडप्पाला तो चक्क स्वतःच्या वाक्यावर मिळाला होता. त्यानं क्षणभर थांबून तो चाखला.

"तिकडचा सामना दोन हजार चारला बंद पडला. आता त्याच नावानं परत सुरू केलाय म्हनं, पन रीत बदलली. आपला कदी थांबला न्हाय. आन् आता शेवटचं, कान देऊन ऐका. ही कल्पना म्या काढली. बंडप्पानं. बलभीमचा रेडिओ होता, भाकर बी त्याच्या घरची होती, म्या नाकारत न्हाय. पन शब्द माझा होता!"

झालं. बोलून झालं. पलीकडच्या गोलपाशी कुणीच नव्हतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या, कुणी एक पोरगा शिट्टी मारून हसला आणि खेळाडू जागच्या जागी उड्या मारत अंग गरम करू लागले.

तेवढ्यात तेरच्या बाजूला सतरंजीवर बसलेली सारजाबाई उठली. डोक्यावरचा पदर सावरत ती दोन पावलं मैदानात आली. तिला माईक लागला नाही, एवढी शांतता झाली.

"व्हय अण्णा," ती म्हणाली. "तुमचीच कल्पना व्हती. म्या चुलीपाशी बसून ऐकलं व्हतं. तुमीच आदी बोल्ला."

बंडप्पानं माईक खाली घेतला.

"ह्यांना बी ठावं व्हतं," सारजाबाई पुढे म्हणाली. "पन घरी बी कबूल केलं न्हाय कदी. तुमचा लई हेवा करायचे. म्हनायचे, त्याला सगळ्या जगाचं पाठ हाय, वर्सं पाठ, गावं पाठ, आन् माज्यापाशी नुस्ता आवाज. जाऊ द्या आता. तुमी म्हनता ते खरं. भांडायला कोन ऱ्हायलंय?"

रणधीर लगेच म्हणाला, "काका, पुढच्या साली फलकावर तुमचं बी नाव टाकू. आबांच्या खाली."

लोकांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या, या वेळी जरा जास्तच प्रेमानं. म्हाताऱ्या माणसाला बसायला खुर्ची देताना चेहरे होतात तसे सगळ्यांचे चेहरे झाले होते. एवढी वर्षं ज्या गोष्टीसाठी जीव टांगणीला लावला ती अशी, सगळ्यांदेखत, फुकट हातात पडली आणि बंडप्पाच्या अंगाचा तिळपापड झाला. आनंद कुठे शोधूनही सापडेना. बलभीम आपल्यावर जळत होता! आणि हे आज कळतंय, तो नसताना. हे तेव्हा कळलं असतं तर परतीच्या प्रत्येक गाडीत त्याला काय झोप लागली असती!

"असं कसं, वैनी?" तो माईकमध्येच ओरडला. "अशी कशी कबूल करता तुमी?"

"आता खरंच हाय तर..."

"खऱ्याचं काय घेऊन बसलात! बलभीमनं कबूल केलं असतं का?"

"त्यांनी? छ्या. मेले तरी न्हाय."

"मग? त्याचं म्हननं कोन मांडनार? तेरची बाजू झाली का मांडून?" बंडप्पा पंचांकडे वळला. "बसवेश सर, तेरची बाजू ऐकल्याबिगर इतिहास पुरा व्हतो का?"

वाशीचे बसवेश सर वर्षानुवर्षं पंच होते. त्यांनी हातातली शिट्टी खिशात टाकली. "नाही होत," ते म्हणाले.

बंडप्पा निघाला. माईक हातात धरून, दोन्ही संघांच्या मधून, सबंध मैदान ओलांडून तो तेरच्या गोलपाशी गेला आणि बलभीम जिथे उभा राहायचा तिथे उभा राहिला. छाती काढली. त्याची उंची काही वाढली नाही, पण आवाज त्यानं पोटातून काढला.

"तेरची माणसं, ऐका!" तो गरजला. "रेडिओ कुनाचा? माझा! ओसरी कुनाची? माझी! पाव्हना आला, भाकर खाल्ली, बातमी ऐकली आन् म्हनतो कल्पना माझी! उद्या म्हनशील तेरना नदी बी म्याच आनली. आदी म्या म्हनलो, आपल्याकडं बी असं व्हाया पायजे. सारजा साक्षीला हाय, पन ती भूमवाल्याची भीड धरती, पाव्हना हाय म्हनून! आरं, गोल कोन आडवला? वर्सानुवर्सं उनातानात त्या दोन खांबांत कोन उभा ऱ्हायला? तिकीट फाडनाऱ्यानं तिकीट फाडावं!"

मैदान फुटलं. तेरची माणसं उभी राहून ओरडू लागली, भूमची माणसं "खोटं! खोटं!" म्हणून बोंबलू लागली. सारजाबाई पदर तोंडाला लावून हसत होती, आणि डोळ्यांतून पाणी चाललं होतं ते तिनं पुसलं नाही. महादेवीही तिच्याजवळ येऊन उभी राहिली होती. बलभीमला जेवढा हशा मिळायचा तेवढाच, तसाच, दणदणीत हशा पिकला होता, आणि तो आपल्याला मिळाला की त्याला हे बंडप्पाला नीट कळेना. बहुतेक त्यालाच मिळाला असावा, असं वाटून त्याला थोडं वाईटही वाटलं.

गलका हळूहळू खाली बसला. बसवेश सर मध्यरेषेवर उभे होते. रिवाजाप्रमाणे त्यांनी हात वर केला.

"तेरची बाजू झाली. भूमचं उत्तर?"

भूमच्या गोलपाशी आता कुणी नव्हतं. उत्तर द्यायचं तर पुन्हा सगळं मैदान ओलांडून तिकडे जावं लागणार होतं. उत्तर बंडप्पाला येत होतं. परतीच्या गाड्यांत पाठ करून ठेवलेली सगळी उत्तरं त्याच्या जिभेवर उभी होती, एकाहून एक बिनतोड. भूमची माणसं "अण्णा, बोला! अण्णा, द्या दणका!" म्हणून ओरडत होती.

त्यानं माईक रणधीरच्या हातात दिला.

"उत्तर न्हाय," तो म्हणाला. "वाजवा शिट्टी."

मग तो तेरच्या माणसांच्या सतरंजीवर जाऊन बसला. सारजाबाईनं जरा सरकून त्याला जागा करून दिली.