गेटवरचं सीमांतपूजन

वीरेंद्रच्या लेकीचं, ईशानीचं लग्न ठरलं तेव्हा पेढा मीही खाल्ला. खाता खाताच ठरवलं, ह्या माणसाला ह्याच लग्नात खाली मान घालायला लावायची.

आमच्या देवासच्या कॉलनीला गेट बसलं ते वीरेंद्रच्या डोक्यातून. रहवासी संघाचा अध्यक्ष ना तो! रस्ता नगर निगमचा, दिवे निगमचे, नळ निगमचा. पण दोन चोऱ्या काय झाल्या, ह्यानं भर रस्त्यात लोखंड ठोकलं. नियम असा, की पाहुण्याचं नाव आदल्या दिवशी गेटवर सांगायचं. नाही सांगितलं तर पाहुणा बाहेर. मी तेव्हाच बोलले होते, "अरे, कुणाच्या घरी मयत झाली तर ती काय आदल्या दिवशी कळवून होणार आहे?" सगळे हसले होते.

आणि माझ्याच घरात ते झालं. आमचे हे, कृष्णराव, त्यांना धाप लागली ती थांबेचना. माझे धाकटे दीर खंडोजी धारहून मिळेल त्या बसनं निघाले. मी ह्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसलेली, फोन आतल्या खोलीत. ह्यांचं एकच, "खंडू आला का गं?" खंडू गेटवर उभा होता. चौकीदारानं वीरेंद्रला फोन लावून विचारलं, तर साहेब म्हणाले, "जिसका नाम नहीं, उसकी एंट्री नहीं." हातापाया पडून भाऊजी आत पोचले, तेव्हा मी ह्यांचे डोळे मिटत होते.

तेराव्याला वीरेंद्र जेवायला आला. वरण वाढून घेत म्हणतो कसा, "काकी, नियम सबके लिए एक है. आणि तुमचे दीर देवासचे थोडेच आहेत?"

देवासचे नाहीत! इथल्या देवीच्या टेकडीच्या पायथ्याशी ज्याची नाळ पुरलीय, ज्याची शाळा इथली, मुंज इथली, तो पोटासाठी धारला गेला म्हणून बाहेरचा? आणि ह्याचा बाप सतवासहून ट्रंक घेऊन आला, त्याला कुणी अडवलं होतं? निगमात तक्रार घेऊन गेले, तर तिथला बाबू म्हणाला, "माताजी, वो तो रहवासी संघ का मामला है." म्हटलं, बरं. मग संघाच्याच नियमानं निपटवते.

संधी आली ती नर्मदाबाईंच्या हट्टामुळे. नर्मदाबाई म्हणजे वीरेंद्रची आई, जुन्या वळणाच्या. सीमांतपूजन हॉलमध्ये कसलं करता, नवरदेवाचे पाय शिवेवरच धुवायचे, असं त्यांनी धरून ठेवलं. आता शहराला शीव कुठून आणायची? शेवटी ठरलं, कॉलनीचं गेट हीच शीव. त्या दिवशी चौकीदाराची सुट्टी होती. सुट्टीला घराघरानं पाळीपाळीनं गेट सांभाळायचं, हाही वीरेंद्रचाच नियम. पाळी समोरच्या अंकिताची होती. म्हटलं, "बेटा, तू मस्त तयार हो, गेटपे मैं बैठती हूँ." पोरगी माझ्या गळ्यातच पडली.

संध्याकाळी व्याही उदाजीराव धारहून बस भरून माणसं घेऊन आले. बाहेर नवरदेव, करवल्या, ढोल. आत वीरेंद्र फेटा बांधून, शेजारी चौरंग, तांब्या, ताम्हण. मध्ये गेट, गेटला कुलूप आणि किल्ली कमरेला खोचून खुर्चीवर मी.

"काकी, खोला."

"नावं?"

"कसली नावं?"

"पाहुण्यांची. काल सांगायची होती. तू सांगितली नाहीस."

"अरे काकी, मजाक मत करो यार. व्याही उभे आहेत बाहेर."

"माझे दीरही उभेच होते."

त्याचं तोंड एवढंसं झालं. ढोल थांबले. उदाजीराव बाहेरून गरजले, "आम्हाला देवासला बोलावलंय की जेलात?" नर्मदाबाईंनी हात जोडले, "दुर्गा, पोरीच्या लग्नात नको गं." ईशानीचं काही वाकडं नव्हतं माझ्याशी. पण दया? तसूभर आली नाही.

"काल मी गेटवर एकच नाव सांगितलंय," मी म्हटलं, "खंडोजी. त्यांचे पाय आधी धू, मग नवरदेवाचे. नाहीतर बसून राहा, मला कुठं जायचंय?"

भाऊजी वऱ्हाडाच्या कडेला पिशवी धरून उभे होते. मी त्यांना फोनवर फक्त 'या' म्हटलं होतं. "वहिनी, हे काय चाललंय? सोडा," ते म्हणाले.

"तुम्ही मध्ये बोलू नका, भाऊजी."

बाजूचं छोटं दार उघडून मी वीरेंद्रला बाहेर सोडलं, चौरंगासकट. भाऊजींना दंडाला धरून बसवलं. उदाजीरावांनी विचारलं, "हे कोण?"

"तूच सांग रे," मी म्हटलं.

वीरेंद्रनं फेटा सावरला. "ह्यांचा... ह्यांचा भाऊ आत शेवटच्या घटका मोजत होता. शेवटचं भेटायला आले होते. मी ह्यांना इथं अडवलं."

"का?"

"बाहेरचे म्हणून."

उदाजीराव एक पाऊल पुढं आले. म्हणाले, "आम्हीही धारचेच आहोत."

एवढंच बोलले, पण वीरेंद्र मटकन खाली बसला आणि सगळ्या वऱ्हाडासमोर त्यानं भाऊजींचे पाय धुतले. मी पोटभर बघितलं. काळजात ठंडक पडली, खोटं कशाला बोलू? हे गेल्यापासून इतकं बरं मला कधीच वाटलं नव्हतं.

मग मी गेट सताड उघडलं. "चला, भाऊजी. आता कोण अडवतं तेच बघते."

भाऊजींनी पाय पुसले, चपला घातल्या, पिशवी उचलली.

"आत आता कुणाला भेटू, वहिनी?"

ढोल पुन्हा सुरू झाले, वऱ्हाड पुढं सरकलं. 'मी आहे ना' हे माझ्या तोंडून निघेपर्यंत भाऊजी बसस्टँडच्या रस्त्याला लागले होते.