तार काढलेला काटा

मित्रांनो, मी एक जुना काटा आहे. घड्याळातला नव्हे हं! धायरीच्या संपतच्या गाडीत, स्टिअरिंगच्या मागे, इंजिनाचं तापमान दाखवणारा. इंजिन थंड असलं की मी खाली, तापलं की वर लाल रेघेकडे, सगळं ठीक असलं की मधोमध. मी मधोमध असेपर्यंत माझ्याकडे कुणी ढुंकूनही पाहत नाही.

नऊ वर्षं मी चोख काम केलं. अलीकडे आमची नेहमीची सवारी म्हणजे संपतच्या आई, तुळजाबाई. त्यांना आठवड्यातून तीनदा डायलिसिसला न्यावं लागतं. उकाड्यात त्यांचा जीव घाबरा होतो, म्हणून गाडीत एसी हवाच. संपत आईसाठी जीव टाकतो, हे मी स्वतः पाहिलंय. पण तापट आहे हो मेला!

मार्चमध्ये घोळ सुरू झाला. गाडी पळत असली की एसी गारेगार आणि मी जागेवर. सिग्नलला उभी राहिली की हवा कोमट आणि मी चढायला लागायचो. पुन्हा पळाली की पुन्हा सगळं ठीक. संपतने एसीत दोनदा गॅस भरून घेतला. काही उपयोग झाला नाही.

"लई गरम हुतंय रं, संपत," तुळजाबाई म्हणायच्या. "त्यो काटा बी वर चाललाय बघ."

"आई, सारखं काय गं तुझं गरम गरम! तू आणि तो काटा, दोघांनी डोकं उठवलंय माझं. गप बस ना जरा!"

तुळजाबाई गप्प बसल्या. मी कसा बसणार? मग संपतने मित्राला बोलावलं. हा संभाजी, मोबाईलवर व्हिडिओ बघून मेकॅनिक झालेला. "कधी वर, कधी खाली? काटाच येडा झालाय," म्हणाला, आणि बॉनेट उघडून त्याने माझी तार काढून टाकली. मी धपकन खाली पडलो. दोघं समाधानाने चहाला गेले. असा संताप आला म्हणून सांगू!

एप्रिलच्या एका भर दुपारी सिंहगड रस्त्यावर गाडी कोंडीत अडकली. एसीच्या झडपांतून झळा यायला लागल्या. मी जिवाच्या आकांताने उठायला बघत होतो, पण तारच नाही तर उठणार कशाने? संपतने माझ्याकडे पाहिलं, मी तळाशी. तार काढल्याचं विसरून तो निर्धास्त. तुळजाबाई पदराने घाम पुसत होत्या, तोंडातून अवाक्षर नाही. बॉनेटमधून वाफ उसळली, इंजिन बंद पडलं. संपतने वळून पाहिलं तर आईची मान कलंडलेली.

रिक्षावाल्याने त्यांना उचलून नेलं. सहा दिवस त्या अतिदक्षता विभागात होत्या. वाचल्या.

गाडी अमीनभाईंच्या गॅरेजात गेली. "उभ्या गाडीत गरम, चालत्या गाडीत थंड? अहो, मग आधी पंखा बघायचा. चालत्या गाडीला वारा मिळतो, उभीला कोण घालणार?" त्यांनी रेडिएटरच्या पंख्यातून नायलॉनचा दोरा ओढून काढला. त्याला वाळके झेंडू चिकटले होते. दसऱ्याला गाडीच्या समोरच्या जाळीला बांधलेला पूजेचा हार हाताने काढायचा नाही, आपला आपण पडू द्यायचा, ही संपतच्या घरची रीत. हार पडला तो आत, आणि पंखा जाम झाला.

"काटा काय दाखवत होता?" अमीनभाईंनी विचारलं.

संपत खाली बघत म्हणाला, "त्याची तार आम्हीच काढली."

"वा! छान केलंत," अमीनभाई म्हणाले आणि त्यांनी ती जोडली.

आता पंखा फिरतो, एसी गार आहे. संपत दर मिनिटाला माझ्याकडे बघतो. मित्रांनो, यंत्र तेच तेच सांगत असेल तर वैतागू नका, त्याचं तोंड बंद करू नका. माणसांचं तर मुळीच नको. कारण काल घरी परतताना तुळजाबाईंच्या कपाळावर घाम डवरला होता.

"आई, गरम होतंय का गं? सांग ना," संपतने काकुळतीने विचारलं.

"न्हाई रं बाबा," त्या खिडकीबाहेर बघत म्हणाल्या. "मी कुठं काय म्हणतीय?"