अर्धंच राहिलेलं वाक्य

मी वायुकोश बोलतोय. दचकू नका, तुमच्याही फुफ्फुसात माझे कोट्यवधी भाऊबंद आहेत. मी एका दगड कापणाऱ्या कारागिराच्या छातीत राहतो.

मी म्हणजे हवेचा इवलासा फुगा. भिंत इतकी पातळ, की पलीकडून वाहणारं रक्त जवळजवळ अंगाला लागतं. त्याने श्वास घेतला की माझ्यातला प्राणवायू भिंतीतून रक्तात जातो, रक्तातला कार्बन डायऑक्साइड माझ्यात येतो आणि उच्छ्वासाबरोबर बाहेर पडतो. यात माझी मर्जी कुठली? जिकडे जास्त, तिकडून कमी असेल तिकडे वायू आपले आपण जातात. मला ना दार, ना कडी. येईल ते घ्यायचं.

आणि आलं काय, तर धूळ! ओट्याचा ग्रॅनाइट कापताना पात्यावर पाणी सोडायचं असतं, म्हणजे धूळ उडत नाही. पण पाण्याने पेन्सिलची रेघ पुसते, म्हणून हा पठ्ठ्या कोरडाच कापायचा. बायको म्हणायची, "अहो, नाकाला काहीतरी बांधा."

"रेघ चुकली तर दगड वाया जाईल. नाक काय पळून जातंय?" सगळे हसायचे.

ती धूळ माझ्यात रुतली. तिला गिळायला आलेल्या पेशीच मेल्या. भिंतीवर वण चढत गेले, ती जाड झाली. आता प्राणवायू माझ्यापाशी येऊन अडतो आणि रक्त पलीकडून तसंच उपाशी निघून जातं. मी नुसता बघत बसतो. फार वाईट वाटतं हो.

परवा तो कारखान्याच्या दारात खुर्चीवर बसला होता. यंत्र आता त्याचा धाकटा भाऊ चालवतो. तोही कोरडंच! पांढरा लोट उठला, तसा याचा जीव कासावीस झाला. ओरडायचं होतं, "अरे, पात्यावर पाणी सोड!" पण तेवढा दम आणायचा कुठून? मी जिवाच्या आकांताने फुगायला गेलो. वण ताणला जातोय कुठला!

"पा... पाणी..." एवढंच निघालं.

धाकट्याने यंत्र बंद केलं. "आलो दादा, आलो!" म्हणत धावला आणि गार पाण्याचा पेला त्याच्या ओठांना लावला. दादा मान हलवत यंत्राकडे बोट दाखवत राहिला.

"होतंय रे काम, तू नको काळजी करूस," म्हणत धाकट्याने त्याचं तोंड पुसलं आणि परत जाऊन यंत्र सुरू केलं. पुन्हा कोरडंच.

बाबांनो, तुमचा श्वास धड आहे. तेवढं वाक्य कुणीतरी पुरं करा ना.