भोपळ्याबिगर

वरकुट्याच्या मळ्यातल्या विहिरीत पहिली उडी प्रयागची असायची. सन चौतीसला ती तेरा वर्षांची झाली, लुगडं नेसू लागली आणि तिचं पोहणं बंद झालं.

"मार उडी, जोत्या! खारीक देतो," वडील तिच्या धाकट्या भावाला चुचकारत होते. पाठीला वाळका भोपळा बांधूनही जोतीराम मागं सरकत होता. मेलं, प्रयागला कधी कुणी खारीक दाखवली होती? तिला तर पाण्याबाहेर काढायला काठी घ्यावी लागायची!

ती पायरीवर धुणं धूत होती. पाण्यात सोडलेले तिचे पाय नकळत पोहल्यागत हलायला लागले.

"पाय वर घे. लुगडं भिजतंय," आई म्हणाली.

तिनं पाय वर घेतले.

मग गेलेल्या माणसाची आठवण काढावी तशा मायेनं वडील जोतीरामला म्हणाले, "अरं, तुझी अक्का भोपळ्याबिगर उडी टाकायची!"