अर्धी जुळवणी

लग्नाआधी दोघांचंही रक्त तपासा, हे गावाच्या गळी उतरवता उतरवता मनोरमाकाकींचे केस पिकले. आरोग्याचं काम करणाऱ्या संस्थेने त्यांना गावातल्या गटाचं प्रमुख केलं तेव्हा एचआयव्ही म्हटलं की बायका तोंडाला पदर लावायच्या आणि पुरुषांना नेमकं तेव्हाच केळीला पाणी सोडायचं आठवायचं. शेवटी काकींनी युक्ती केली. देवळाच्या मंडपात त्या म्हणाल्या, पत्रिका जुळवता ना, तशी रक्तंही जुळवा. ही भाषा गावाला कळली.

कळली, पण अर्धीच. पोह्यांची बशी खाली ठेवली की मुलाकडचे पत्रिकेसोबत मुलीचा रिपोर्ट मागू लागले. मुलाचा कोण मागणार? करायला गेल्या गणपती आणि झाला मारुती.

आता वेळ काकींच्या घरावरच आली. त्यांचा दीर सदानंद, त्याची मुलगी सुरुची. तिचं जितेशशी ठरलं. जितेश सातिवलीच्या गोदामातला माल घेऊन टेम्पो लांब लांब न्यायचा, पंधरा-पंधरा दिवस बाहेर असायचा. मुलगा सरळ असेल, नसेलही. काकींना ते माहीत नव्हतं आणि तेच त्यांना खात होतं. सुरुचीचा रिपोर्ट चांगला आला, मुलाकडे पोचलाही. जितेशचाही मागा, असं काकींनी दिराला सांगून पाहिलं.

सदानंद म्हणाला, "वहिनी, मुलीच्या बापाने असं विचारायचं नसतं. आणि विचारण्यावरून मोडलं, तर लोक काय म्हणतील? हिचं रक्त तपासलं आणि मग मोडलं. म्हणजे खोट हिच्यातच निघाली असणार."

पूर्वी लग्न मोडलं तर हुंडा, मानपान, काहीही कारण लोक धरायचे. हे नवं कारण काकींनीच गावाला शिकवलं होतं.

तरी त्या जितेशच्या वडिलांकडे, शरदचंद्रांकडे गेल्या. हा माणूस काकींच्या प्रत्येक सभेला पहिल्या रांगेत बसलेला. त्यांनी चहा पाजला आणि हसत म्हणाले, मुलाला कसली तपासणी, तो बाहेर जातो तो कामाला जातो. पुढे बोलायची सोयच ठेवली नाही. सुरुचीनेही जितेशला फोनवर विचारलं होतं. माझ्यावर विश्वास नाही का, एवढंच म्हणून त्याने दोन दिवस फोन घेतला नाही.

"काकी, तुम्ही विचारायला शिकवलंत," ती म्हणाली. "तो नाही म्हणाला तर पुढे काय, ते नाही सांगितलंत."

साखरपुडा थाटात झाला. ओटी भरून झाल्यावर शरदचंद्रांनी काकींना सगळ्यांसमोर बोलावलं, खांद्यावर शाल घातली, हातात नारळ दिला.

"या ताईंची कृपा," ते म्हणाले, "आता गावात मुली पारखून मिळतात."

काकींना ओरडावंसं वाटलं. पण सदानंद हात जोडून त्यांच्याकडेच बघत उभा होता. त्यांनी नारळ कपाळाला लावला. मंडपात टाळ्या पडल्या. सुरुचीनेही वाजवल्या, तिने वाजवल्या नसत्या तर लोकांना तिच्याच रक्ताची शंका आली असती.